गाडी नेमकी कधी तापते? जुन्या गाडीच्या पंख्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मार्च उजाडला की या सदराच्या टपालात 'गाडी तापते' ही तक्रार येतेच. यंदाची बहुतेक पत्रं रेडिएटरच्या पंख्याबद्दल आहेत: इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा मूळचा ठेवावा की इलेक्ट्रिक बसवावा, केवढा बसवावा, गाडीची वीज तयार करणाऱ्या डायनॅमोला झेपेल का. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): माझी १९७६ ची ॲम्बॅसिडर मार्क ३ आहे, पेट्रोल. रेल्वे फाटकाला किंवा खडेबाजारच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटं अडकली की तापमानाचा काटा वर चढतो. हायवेला लागलं की आपोआप खाली येतो. मेस्त्री म्हणतात, मूळचा पंखा काढून इलेक्ट्रिक बसवू. बसवावा का?

उत्तर: काटा कधी चढतो आणि कधी उतरतो हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निम्मं निदान झालं. उभी किंवा रांगणारी गाडी तापते आणि वेग घेतला की निवते, याचा अर्थ पाणी फिरतं आहे, रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो आहे, कमी पडते ती फक्त हवा. म्हणजे संशय पंख्यावर घेणं बरोबर. ज्यांची गाडी सपाट रस्त्यावर सत्तरच्या वेगाला तापते त्यांनी मात्र पंख्यावर पैसे घालू नयेत. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे समोरून घुसणारी हवाच पुरते, पंखा तिथे पाहुणा असतो. अशा गाडीत चोंदलेल्या रेडिएटरच्या नळ्या, वेगात आत चिमटणारा खालचा होज (रबरी नळी), मागे पडलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), नाहीतर फुटलेलं हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) शोधावं. ब्रेक धरून राहत असेल तरी इंजिन तापतं, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक पंख्याआधी फुकटातल्या आणि स्वस्तातल्या गोष्टी करून घ्या. बेल्ट पहिला. दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोर देऊन दाबला की बेल्ट साधारण १२ मिलिमीटर आत जावा. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताण बरोबर असूनही तो घसरतो, बदलाच. मग आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, बघा. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ६०० वर चालणारं इंजिन ८०० वर आणलं की हवा एक तृतीयांशाने वाढली, खर्च शून्य. त्याच वेळी टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घ्या. मागे पडलेल्या टायमिंगने आयडलला इंजिन विनाकारण तापतं.

पंखा कधी उतरवून परत बसवला असेल तर तो उलटा बसलेला नाही ना, हेही पाहा. इंजिनावर फिरणारा पंखा पुढचा मागे करून बसवला तरी हवा त्याच दिशेला जाते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण पात्यांचा बाक उलटा पडतो आणि हवा बरीच घटते. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी.

हे सगळं ठीक निघालं तर पुढचं पाऊल श्राउड, म्हणजे रेडिएटर आणि पंखा यांमधला पत्र्याचा घेर. आमच्या मते जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त गुण देणारा आणि सगळ्यात कमी केला जाणारा बदल हाच. श्राउड नसलेला पंखा आपल्या पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, शिवाय पात्यांच्या टोकांवरून इंजिनकडची गरम हवा परत पुढे येते आणि पुन्हा तीच फिरत राहते. कोअरचे, म्हणजे रेडिएटरच्या जाळीदार गाभ्याचे, चारही कोपरे बिनकामाचे राहतात. उद्यमबागेत पत्र्याचं काम करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये १ ते १.२ मिलिमीटरच्या पत्र्यात श्राउड करून मिळेल. मापं अशी द्या: घेर कोअरच्या चारही कडांना टेकलेला, कडेला रबरी पट्टी. गोल भोक पंख्याच्या व्यासापेक्षा एवढं मोठं की पात्याच्या टोकाभोवती २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा राहील. याहून कमी ठेवू नका, कारण क्लच सोडताना इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि पातं पत्र्याला लागतं. पात्यांची निम्मी जाडी घेराच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पूर्ण आत घेतला तर पंखा गुदमरतो, पूर्ण बाहेर ठेवला तर घेराचा उपयोग नाही. रेडिएटरच्या वरची आणि पुढच्या पत्र्याजवळची फट फोमने बुजवा, नाहीतर उभ्या गाडीत बॉनेटखालची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते.

एवढं करूनही फाटकाला काटा चढला तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार करा, आणि त्याआधी निपाणीच्या वाचकांना दिलेलं पुढचं उत्तर वाचा.

कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकायला सांगेल. ऐकू नका. उभ्या गाडीत हवाच नसेल तर थर्मोस्टॅट काढून ती येणार नाही. उलट थंडीतल्या सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो.

प्रश्न (खानापूर): १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आहे. इलेक्ट्रिक पंखा घ्यायचं ठरलंय. दुकानदार दहा, बारा, चौदा इंची दाखवतो आणि प्रत्येकावर हवेचे मोठमोठे आकडे लिहिलेत. केवढा घेऊ? जुन्या बाजारातला मारुती ८०० चा चालेल का?

उत्तर: खोक्यावरचा हवेचा आकडा पंखा मोकळ्यात फिरवून काढलेला असतो, पुढे रेडिएटर नसताना. कोअरमधून हवा ओढताना दाब लागतो आणि तिथे हलकी मोटर मार खाते. दुकानदाराला हवा विचारू नका, करंट विचारा. चालू असताना ४ अँपिअर घेणारा बारा इंची आणि ९ अँपिअर घेणारा बारा इंची हे दोन वेगळे पंखे आहेत. तुमच्या १०८९ सीसी इंजिनाला १०० ते १२० वॅटची, म्हणजे ८ ते १० अँपिअरची मोटर पुरेशी आहे.

मापासाठी आधी कोअर मोजा. टाक्या सोडून फक्त पत्र्यांचा भाग. समजा तो ४० बाय ३८ सेंटिमीटर भरला, तर क्षेत्रफळ १५२० चौरस सेंटिमीटर. बारा इंची पंख्याचा गोल सुमारे ७३० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे निम्म्याहून कमी. चौदा इंची जवळपास ९९०, म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास. नुसता पंखा कोअरला चिकटवायचा असेल तर मावेल तेवढा मोठा घ्या. श्राउडसकट बसवणार असाल तर बारा इंचीही उत्तम काम करतो.

मारुती ८०० चा पंखा वाईट पर्याय मुळीच नाही. तो मुळात ओढणाऱ्या बाजूचा आहे, स्वतःच्या चौकटीसह येतो, आणि उद्या रस्त्यात बिघडला तर जांबोटीतसुद्धा कुणी ना कुणी दुरुस्त करून देईल. घेताना हाताने फिरवून बघा. बेअरिंग खरखरत असेल किंवा शाफ्ट आडवा हलत असेल तर परत ठेवा. मग बॅटरीवर पाच मिनिटं चालवून करंट मोजा. चालता चालता अँपिअर चढत असतील तर आतलं वाइंडिंग किंवा बेअरिंग जायला आलंय.

शक्यतो पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवा. जाळीमागे पुढून ढकलणारा पंखा उभ्या गाडीत काम करतो, पण वेगात स्वतःच हवेच्या आड येतो. मागे जागा आहे का ते डोळ्याने ठरवू नका. कणकेचा गोळा करून वॉटर पंपाच्या पुलीच्या नाकावर चिकटवा, मोटर जिथे येणार तिथे तिच्या जाडीची फळी धरा आणि दाबून गोळ्याची उरलेली जाडी मोजा. निदान २० मिलिमीटर हवी.

दोन गोष्टी नेहमी चुकतात. कोअरच्या पत्र्यांमधून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधतात. काही महिन्यांत त्या हादऱ्याने पितळी नळ्या घासतात आणि रेडिएटर गळायला लागतो. रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला पट्ट्यांचे ब्रॅकेट करून त्यावर पंखा बसवा. दुसरी चूक मूळचा पंखा काढल्यावर होते. तेच बोल्ट पुन्हा पुलीला लावले जातात, पण पंख्याची जाडी गेल्यामुळे ते आता लांब पडतात. टोक आत टेकलं की बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पुली मात्र ढिली राहते, आणि चार दिवसांत भोकं लंबगोल होतात. आखूड बोल्ट घ्या किंवा पंख्याच्या जाडीचा वॉशर घाला. फियाटचे, म्हणजे तुमच्या पद्मिनीचे, आटे मेट्रिक आहेत आणि ॲम्बॅसिडरचे इंची मापाचे (यूएनएफ), हे हार्डवेअरच्या दुकानात जाताना लक्षात ठेवा.

प्रश्न (निपाणी): जुनी ॲम्बॅसिडर, डायनॅमोवाली. इलेक्ट्रिक पंखा लावला. दिवसा झकास. रात्री तवंदी घाटात ट्रकांच्या मागे अडकलो की दिवे पिवळे पडायलेत, आणि दोनदा बॅटरी उतरली. पंखा खराब की वायरिंग?

उत्तर: बहुधा दोन्ही ठीक असावेत. हिशेब जुळत नाही, एवढंच. ४५ वॅटचे दोन हेडलाइट, टेल आणि मीटरचे दिवे मिळून साधारण ११५ वॅट, म्हणजे साडेनऊ अँपिअर. इग्निशन कॉइल ३ ते ४. पाऊस असेल तर वायपरचे २ ते ३. बेरीज १६ च्या आसपास. त्यात पंख्याचे ९ मिळवले की २५. लुकासच्या सी-४० डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, कटआउट नावाचा स्विच उघडून तो बाजूला होतो. आणि इलेक्ट्रिक पंखा नेमका आयडललाच चालतो. म्हणजे ट्रकामागे उभ्या गाडीत ते सगळे २५ अँपिअर बॅटरीतून जातात. अर्ध्या तासात साडेबारा अँपिअर-तास, म्हणजे ६० अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. जुन्या बॅटरीला एवढं सोसत नाही.

मार्ग दोनच. मूळचा पंखा श्राउडसह परत लावा, किंवा ३५ अँपिअर किंवा त्याहून जास्त देणारा अल्टरनेटर बसवा. अल्टरनेटर आयडललाही निम्म्याच्या आसपास देतो, मोठा फरक तिथे पडतो. तो बसवताना बॅटरीकडे जाणारी मूळची वायर तशीच ठेवू नका, ती २२ अँपिअरच्या हिशेबाने टाकलेली आहे.

वायरिंगची जोडणीही सांगतो, कारण बऱ्याच जणांनी पंखा थेट डॅशबोर्डवरच्या बटणावर घेतला आहे. त्याने बटण जळतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकावर, अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची. रिलेच्या ८७ वरून मोटरला. मोटरची दुसरी वायर बॉडीवर रंग खरवडून घट्ट. ८६ ला इग्निशन चालू केल्यावर येणारी बारीक वायर आणि ८५ थर्मोस्विचमधून (पाणी ठराविक तापलं की चालू होणाऱ्या स्विचमधून) अर्थला. मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते, म्हणून फ्यूज नेमका १० चा लावू नका. जोडणी झाल्यावर पंखा चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग मोटरच्या टोकांवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे.

फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते पाहूनच मोटर जोडा. मोटर उलटी जोडली तर ती उलटी फिरते आणि गरम हवा पुढे फेकते. गाडी उभी असताना हे तेवढं कळत नाही, चालायला लागली की समोरची हवा आणि पंख्याची हवा भांडतात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. वहीचं पान रेडिएटरच्या पुढे धरा. चिकटलं पाहिजे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत डायोड असलेला रिले सरळ लावू नका, साधाच घ्या.

थर्मोस्विचचा आकडा तो कुठे बसणार त्यावर ठरतो. गाडीत ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असेल आणि स्विच वरच्या, गरम पाण्याच्या बाजूला असेल तर ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा घ्या. खालच्या टाकीत बसवायचा असेल तर ८८/७९ किंवा ८२/७७. गरम बाजूला कमी आकड्याचा स्विच बसवला तर पंखा कधी बंदच होत नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याच्याखाली येऊच देत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): काटा नव्वदच्या पुढे गेला की भीती वाटते. बेळगाव उंचावर आहे म्हणून पाणी लवकर उकळतं का?

उत्तर: लवकर उकळतं, पण फरक थोडा. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटर मात्र झाकणाने दाबाखाली ठेवलेला असतो. ७ पीएसआय दाबाचं झाकण उकळबिंदू आणखी अकरा-बारा अंशांनी वर नेतं, निम्मं कूलंट घातलं तर अजून वर. म्हणजे ९५ ला घाबरायचं कारण नाही. पण झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की हे सगळं संरक्षण जातं आणि लोक पंख्याला दोष देतात. झाकण नवं घ्या, मूळच्याच आकड्याचं. जास्त दाबाचं नव्या गाडीचं झाकण लावलं तर जुन्या रेडिएटरचे डाग (झाळलेले सांधे) सुटतात.

प्रश्न (संकेश्वर): कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गाडी तापते, हंगाम संपला की बरी होते. मोठा पंखा घालू का?

उत्तर: नको. रेडिएटर धुवा. उसाच्या ट्रॉल्यांमागे चालताना पाचटाचा भुगा आणि धूळ पत्र्यांमध्ये बसते, त्यावर ऑइलचा ओलावा असेल तर त्याचा नमदाच होतो. गाडी गार झाल्यावर इंजिनाच्या बाजूकडून पुढे, साध्या पाइपाने पाणी मारा, कारण घाण पुढून आत शिरलेली आहे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने पत्रे झोपतात, मग धुऊन उपयोग नाही. हंगामात पुढे डासांची जाळी लावणारे आहेत. ती रोज झटकणार असाल तरच लावा.

प्रश्न (नंदगड): महिंद्राची जुनी जीप, पेट्रोल इंजिन. पावसात ओढ्यातून जाताना पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्यूटर भिजवतो. एकदा पात्याने रेडिएटरही फोडला. पंख्याचं काय करायचं सांगा की.

उत्तर: पातं पाण्यात फिरलं की प्रोपेलरसारखं पुढे ओढलं जातं, वाकतं आणि कोअरमध्ये घुसतं. पत्रा जितका पातळ आणि फेऱ्या जितक्या जास्त तितका धोका मोठा. पाणी पंख्याच्या खालच्या पात्यापर्यंत येणार असेल तर पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये, कमी फेऱ्यांवर सावकाश जा. त्याहून खोल पाण्यासाठी अलीकडे थांबून बेल्ट ढिला करायची जुनी रीत आहे. त्याने पंखा थांबतो, पण वॉटर पंप आणि डायनॅमोही थांबतात. म्हणून ओढा ओलांडला की लगेच बेल्ट ताणायचा, 'पुढच्या गावात करू' नाही. दर पावसाळ्यात हेच होत असेल तर जीपवर इलेक्ट्रिक पंखा योग्य ठरतो, मात्र त्याला हाताने बंद करायचं बटण हवं. थर्मोस्विचच्या भरवशावर ठेवला तर तो नेमका पाण्याच्या मधोमध सुरू होतो.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): पंख्याच्या एका पात्याला रिव्हेटजवळ बारीक तडा आहे. वेल्डिंग करून चालेल का? नाहीतर ओतीव ॲल्युमिनियमचा करून घेऊ?

उत्तर: वेल्डिंग नको, एक दिवसही नको. ३३ सेंटिमीटर व्यासाचा पंखा ४५०० फेऱ्यांना फिरतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटर असतो. तुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येतं, आणि त्या वेळी मेस्त्री वाकून टायमिंग बघत असतात. वेल्डिंगने तड्याशेजारचा पत्रा ठिसूळ होतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणंही याच कारणाने टाळा. जुन्या बाजारातून चांगला पंखा घ्या, रंग खरवडून रिव्हेटभोवती भिंगाने पाहा. ओतीव पंख्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या फाउंड्र्यांना ओतणं अवघड नाही. पण ओतकामात आत पोकळी राहिली तर बाहेरून दिसत नाही, बॅलन्सिंग वेगळं करावं लागतं, आणि वजन वाढलं की वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. तो उद्योग करू नये.

प्रश्न (चिकोडी): नव्या डिझेल गाड्यांतला व्हिस्कस क्लचचा, म्हणजे चिकट ऑइलमार्फत फिरणारा, पंखा माझ्या ॲम्बॅसिडरला लावता येईल का?

उत्तर: १४८९ सीसीच्या मूळ वॉटर पंपावर नको. कारण वरचंच, वजन. ज्यांच्या गाडीत तो कंपनीनेच दिला आहे त्यांनी एवढं बघावं: इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने ढकला. सिलिकॉन ऑइलचा चिकट विरोध जाणवला पाहिजे. सुटा गरगर फिरला तर ऑइल गेलं आहे. क्लचच्या तोंडाशी काळपट ओघळ दिसेल.

प्रश्न (कॅम्प, बेळगाव): १९६० च्या दशकातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. इलेक्ट्रिक पंख्याने अडचण येईल का?

उत्तर: २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज धरली जाते आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. पंखा हा इंजिनातला फेरफार म्हणावा की नाही यावर तपासणीच्या टेबलापाशी वाद घालत बसण्यापेक्षा मूळचा पंखा लावूनच गाडी न्या. त्यासाठी इलेक्ट्रिक पंखा बसवताना रेडिएटरच्या चौकटीला नवी भोकं पाडू नका, मूळच्याच बोल्टांवर ब्रॅकेट घ्या. उतरवलेला पंखा, त्याचे लांब बोल्ट आणि मधला तुकडा तेल पुसून एका पिशवीत बांधा आणि पंख्याची पुढची बाजू कुठली ते खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा.